माझ्या आवाजातला सौदा

कंपनीने माझ्या आत्याला फसवलं, आणि फसवताना आवाज माझा वापरला. एवढं नक्की आहे. याच्यापुढचं काहीच मला नक्की सांगता येत नाही, नोकरी सोडून इतके महिने झाले तरी.

आत्याचं घर नागावला आहे. पुढे घर, मागे नारळाची वाडी, आणि वाडीत पाहुण्यांसाठी बांधलेल्या खोल्या. मुंबई-पुण्याची माणसं शनिवार-रविवारी येतात, समुद्रात भिजतात, खोलीभर वाळू करतात आणि आत्याच्या हातचं कालवण खाऊन खूश होऊन जातात. अशा घरांना पाहुणे मिळवून द्यायचे, हा आमच्या कंपनीचा धंदा. पाहुणा मोबाइलवर खोली ठरवतो, कंपनी घरमालकाला ठरलेला दर देते आणि वरचे पैसे आपल्याकडे ठेवते.

मी त्या कंपनीत डिग्री दाखवून शिरलो नाही. मांडव्याच्या जेट्टीवर बोटीतून उतरणारी माणसं गाठायची, त्यांना कुठल्यातरी घरात नेऊन सोडायचं आणि दोन्हीकडून दलाली घ्यायची, यावर मी मोठा झालो. कोण खरंच निघून जाणार आणि कोण रिक्षापर्यंत जाऊन परत फिरणार, हे मला पाठमोऱ्या माणसावरून कळतं. संगणक आपला आपण शिकलो. कंपनीला या किनाऱ्यावरचा माणूस हवा होता. मी पगार चांगला ताणून घेतला आणि नवी मुंबईतल्या काचेच्या ऑफिसात जाऊन बसलो.

तिथे एक मदतनीस तयार होत होता. मदतनीस म्हणजे बोलणारं यंत्र. त्याने घरमालकांना फोन करून येत्या शनिवार-रविवारचा दर ठरवायचा. पण आमची माणसं त्याच्याशी बोलेनात. ते सुरुवातच करायचं, "नमस्कार, आपल्या निवासाचा आगामी दर निश्चित करण्यासाठी..." आक्षी गावच्या एका बाईंनी "बातम्या लागल्यात गो," असं सुनेला सांगून फोन ठेवून दिला. ते रेकॉर्डिंग मीटिंगमध्ये ऐकवलं तेव्हा मी एकटाच हसलो.

मग मी ऑफिसातल्यांना सांगितलं की आमच्याकडे सौदा असा होत नाही. बैल घ्यायचा असो नाहीतर होडी, माणूस आधी ओटीवर बसतो. पाणी येतं, चहा येतो. घरी सगळं बरं ना, म्हणून विचारायचं. मग कोण आजारी आहे, कुणाच्या मुलीचं जमत नाही, कुणाचा मुलगा आखातातून रिकाम्या हाताने परत आला, हे सगळं निघतं. ते ऐकून घ्यायचं. चहाचा कप खाली ठेवला की म्हणायचं, "बरं, मग कसं?" इथून पुढे धंदा. कपाच्या आधी जे कानावर आलं ते भावात आणायचं नाही. कुणी आणलं तर त्याला दुसऱ्यांदा ओटी मिळत नाही. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण या पट्ट्यातल्या कुठल्याही जातीच्या, कुठल्याही धर्माच्या माणसाला विचारा.

ऑफिसातल्या मॅडमना, म्हणजे ज्यांच्या हाताखाली हे काम चालायचं त्यांना, हे फारच आवडलं. त्यांनी मला एका बंद खोलीत बसवून माझा आवाज घेतला. "घरी सगळं बरं ना?" आणि "बरं, मग कसं?" ही दोन वाक्यं तर माझ्याकडून इतक्या वेळा म्हणवून घेतली की शेवटी मला त्यांचा अर्थ लागेना. त्यानंतर माणसं बोलायला लागली. भरभरून बोलायला लागली. मी ताठ मानेने फिरत होतो.

आणि मग, जोडून सुट्ट्या आल्या त्या आठवड्यात, आत्याचा फोन आला.

"काय रे, कंपनी हाय का दरोडा?"

मी तसाच नागावला गेलो. रस्त्यावर गाडी लावायला जागा नव्हती. आत्या ओटीवर सुपाऱ्या निवडत होती. तिने वर न बघताच सुरुवात केली.

"सगळा गाव भरलाय. पलीकडचीने आपल्या गोठ्याचीसुद्धा खोली करून दिली. आणि माझ्याच खोल्यांचा भाव इतका खाली का गेला?"

"मग तू हो कशाला म्हणालीस?"

"तू मागे लागलास म्हणून."

"मी न्हाय, आत्या. ते मशीन हाय."

"मशीन हाय ते मला पण कळतं, मी काय येडी न्हाय. पण आवाज आपल्या घरातला ना? त्याने विचारलं, घरी सगळं बरं ना? म्हटलं, न्हाय रे, तुझे मामा माडाखाली घसरले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन सांगितलंय."

मामा म्हणजे आत्याचे यजमान. ते पडल्याचं मला माहीतच नव्हतं. माझ्या आवाजाला माहीत होतं.

"मग काय म्हणालं ते?"

"'काळजी घ्या' म्हणालं. मग म्हणालं, 'बरं, मग कसं?' आणि जो भाव धरून बसलं तो सोडीच ना. माणूस असता तर लाजला असता. शेवटी मीच दमले."

ऑफिसात जाऊन मी आत्याचं घर पडद्यावर काढलं. नावापुढे लाल खूण होती. शेजारी बसणाऱ्या पोरीला विचारलं तर तिने कॉफीचं मशीन कसं चालतं ते सांगावं तसं सांगितलं. घरी आजारपण, लग्न, फी असं काही कुणी बोललं की लाल होतं. लाल झालं की मदतनीस भाव वाढवत नाही. समोरच्याला पैशाची नड असते, तो आपणहून उतरतो.

मी मॅडमच्या केबिनमध्ये गेलो तो ओरडतच गेलो. त्या शांत होत्या.

"तू जेट्टीवर काय करायचास? समोरच्याचं पोर भुकेने रडतंय हे बघून भाव धरायचास ना?"

"बघायचो. विचारायला नाही जायचो. आणि विचारलं तर ते वापरत नव्हतो."

"बघितलेलं चालतं, ऐकलेलं चालत नाही? फरक काय? मला नीट समजाव, मी खरंच ऐकतेय."

मी टेबलावर हात आपटला. त्यांचा कप उलटला. "फरक आहे!" एवढंच म्हणालो. त्या कागदाने कॉफी पुसत म्हणाल्या, "तुझ्या आत्याची खूण काढून टाकू. तिचा दर वाढवून देऊ. झालं?" खरं सांगतो, क्षणभर माझ्या मनात आकडा आलाही. मी सौदेबाज माणूस, समोरून भाव आला की डोकं आपोआप चालतं. त्याचाच मला जास्त राग आला. मी राजीनामा दिला.

राजीनामा देताना एकच गोष्ट मागितली, माझा आवाज काढा. उत्तर आलं की आवाज कंपनीचा आहे, मी सही केली आहे. बरं, निदान ती दोन वाक्यं काढा, म्हटलं. बरं, लाल खूण काढा, आवाज ठेवा. मी एकेक पायरी उतरत होतो आणि समोरून काही बोलणंच येत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी एकट्यानेच सौदा केला.

परवा नागावला गेलो. मुद्दाम ओटीवर बसलो, चहा आला, मी विचारलं, "घरी सगळं बरं ना, आत्या?"

"सगळं बरं हाय," ती म्हणाली.

आतून मामांच्या वॉकरचा फरशीवर घासल्याचा आवाज येत होता. मधेच ते कण्हले.

"मामांचं कसं काय?"

"बरं हाय."

मग तिचं तिलाच काही वाटलं असावं. म्हणाली, "आम्ही सगळ्या खोलीवाल्यांनी ठरवलंय रे. तुझा फोन आला की सगळं बरं हाय म्हणायचं."

"तो मी न्हाय. मी हा इथे बसलोय."

"व्हय, दिसतोस ना. पण तोंडाला सवय लागलीय." आणि कप उचलून ती आत गेली.

तेव्हापासून मी विचार करतोय. फसवल्या गेलेल्यांत माझं नाव लिहायचं की फसवणाऱ्यांत? ते वाक्य त्यांच्या हातात मीच दिलं. पण जसं दिलं तसं त्यांनी वापरलं नाही. मॅडमच्या "फरक काय?"ला माझ्याकडे आजही धड उत्तर नाही. कधी वाटतं, फरक नसेलच, उगाच नोकरी घालवली. मग तो वॉकरचा आवाज आठवतो आणि वाटतं, फरक आहे, फक्त मला तो बोलता येत नाही.

पण मला बोलता येत नाही म्हणून कुणी सुटत नाही. लाल झालं की भाव वाढवायचा नाही, हे यंत्राने आपल्या मनाने ठरवलं नाही. कुणीतरी माणसाने बसून ठरवलं, दुसऱ्या कुणी त्यावर हो म्हटलं. ते कोण, हे मी तीनदा लिहून विचारलं. उत्तर यंत्राकडून आलं. मला माणूस हवा. त्याने नागावला यावं, आत्याच्या समोर बसावं, आणि माझ्या आवाजात नव्हे तर स्वतःच्या आवाजात तिला सांगावं की हे मी केलं. कोण येणार आहे?