स्तंबूलहून दिलेली हाळी

भुताखेतांच्या गोष्टींना मी पहिल्यापासून हसत आलोय. महाडच्या मोटार स्टँडवर मी तिकिटं फाडतो, आणि कशेडी घाटातली हडळ पाहिली नाही असा उतारू मला अजून भेटायचाय! मी त्यांना म्हणतो, असेल हडळ, पण माझ्या गाडीत बसायचं तर तिलाही तिकीट काढावं लागेल. तेव्हा भुताखेतांच्या या सदरात माझं नाव बघून ओळखीपाळखीचे लोक हसतील. हसू देत. जे लिहितोय ते मी माझ्या कानांनी ऐकलंय, आणि ज्याच्यावर ते गुदरलं तो सखाराम माझा लहानपणापासूनचा सोबती आहे.

आम्ही दोघं पोलादपूरच्या वर डोंगरातल्या एकाच वाडीचे. वाडीत शिरायच्या आधी एक खिंड लागते. परगावाहून येणाऱ्यानं खिंडीत उभं राहून घरच्या माणसाला हाळी द्यायची, घरच्यानं ओ द्यायची, तांब्याभर पाणी नि भाकरीचा तुकडा घेऊन सामोरं यायचं आणि ओवाळून टाकायचं — मगच आलेल्यानं वाडीत पाऊल ठेवायचं. ही आमची जुनी रीत. सखारामला बाप नव्हता, भावंड नव्हतं, होती ती एकटी आई. आम्ही पलटणीत भरती होऊन निघालो तेव्हा ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "येशील तवा हाळी दे रे. हातातलं टाकून येईन."

महायुद्ध संपलं तरी आमची सुटका झाली नाही. हिंडत फिरत पलटण पोचली तुर्कांच्या स्तंबूल शहरात. तिथं दसरा आला. सकाळी शस्त्रांची पूजा झाली, बोकड पडला, आणि साहेबानं दिवेलागणीपर्यंत सुट्टी दिली. आम्ही दोघं शहर बघायला निघालो.

काय ते शहर! समुद्राच्या खाडीवर लांबलचक पूल, त्यावर माणसांचा लोंढा, घोडागाड्या, खाली आगबोटींचे भोंगे. पाठीवर अख्खं कपाट घेऊन चाललेल्या माणसाला तिथंही हमालच म्हणतात — हे कळल्यावर सखाराम इतका हसला की तो हमालही हसायला लागला. आम्ही घुमटांची मोठी मशीद पाहिली, छप्पर घातलेला बाजार पाहिला. तिथं तर गल्लीत गल्ली, आणि प्रत्येक गल्लीत दुकानदार हाताला धरून आत ओढणार. तीळ लावलेली पावाची कडी खात खात आम्ही फिरलो. जे दिसेल ते बघून सखाराम म्हणे, "माज्या आयला ह्ये एकदा दाखवायला पायजे. तिनं महाडच्या पल्याड काय बघितलंच नाय रे."

दुपार कलल्यावर पुलापलीकडच्या चढावर एक जुना दगडी बुरूज लागला. वरून शहरात कुठं आग लागली का ते बघायला पहारेकरी बसवलेले होते. त्यातल्या एकाला सिगारेट दिली, त्यानं आम्हाला वरच्या सज्ज्यात सोडलं. खाली सगळं शहर, मधे पाणी, पलीकडे टेकड्या. सखाराम कठड्याला टेकला. मग म्हणाला, "हितनं आपली खिंड आठवते, नाय?"

आणि मी काही बोलायच्या आत त्यानं तोंडाला हात लावले अन् हाळी दिली. घरी आल्याची. जशी खिंडीतून देतात तशी, लांबवून — "आयेऽऽऽ! मी आलोऽऽऽ!"

पहारेकरी दचकले. मी हसतच होतो… आणि पाण्यापलीकडून ओ आली.

"ओऽऽऽ! थांब रे सखाऽऽ, आलेऽऽऽ!"

सखारामच्या आईचा आवाज. लहानपणी तिच्या हातची भाकरी खाल्लीय मी, तो आवाज चुकायचा नाही. पहारेकऱ्यांनीही माना वळवून तिकडेच पाहिलं. सखाराम पांढराफटक पडला. मी म्हटलं, "अरे, डोंगर हाकेला साद देतो, तसंच हे." तो म्हणाला, "डोंगर माजं नाव घेल काय रे?" तो तिथून हलेचना. पण छावणीत हजेरी चुकली तर कोठडी! शेवटी आम्ही खाली उतरलो आणि ट्राम धरली. तो वाटभर मागं वळून बघत होता.

त्यानंतर कितीतरी महिन्यांनी आम्ही घरी आलो. खिंडीत पोचलो, सखारामनं हाळी दिली. ओ आली नाही. पुन्हा दिली. खालची घरं दिसत होती, धूर दिसत होता, पण कुणी बाहेर येईना. त्याचा आवाज फाटला तेव्हा कुठं शेजारची पारूकाकी चढ चढून वर आली. हातात तांब्या नव्हता, भाकरी नव्हती. त्याच्याकडे बघत लांबच उभी राहिली.

"तू आता आलास? मग दसऱ्याला कोन आलता?"

आम्हाला काही उमगेना. मग ती रडत रडत सांगू लागली. दसऱ्याच्या दिवशी, दिवस मावळायच्या सुमाराला वाडी सोनं वाटत होती. सखारामची आई पारूकाकीच्याच अंगणात होती. पदरात आपट्याची चार पानं बांधलेली — लेकाच्या वाटणीचं सोनं. "तवा खिंडीतनं हाळी आली रे. मी पन ऐकली, तुजाच आवाज. ती म्हनली, माजा सखा आला गो! तिनं ओ दिली, पानी घेतलं, भाकर घेतली नि पळत सुटली. आमी वाट बघितली. कोनीच आलं नाय."

वाडीनं खिंड, जंगल, दऱ्याखोरी सगळं पालथं घातलं होतं. वाघानं नेलं म्हणावं तर रक्ताचा थेंब नाही. साधा तांब्यासुद्धा सापडला नाही.

आम्हाला दुपार होती तेव्हा इथं संध्याकाळ असणार, हा हिशेब मी नंतर मांडला. सखारामनं तो मांडलाच नाही, त्याला तिथंच सगळं कळलं होतं. सामोरं कुणी आलं नाही म्हणून तो वाडीत गेला नाही, तो आजतागायत. खिंडीत झोपडी घालून राहतो. मुंबईला जाऊन बोटीवर काम मिळवायचा त्यानं दोनदा प्रयत्न केला, पण बोट त्या शहराला जाणारी हवी म्हणून हटून बसला. लोकांनी वेडा ठरवून परत पाठवला.

मी सुट्टीच्या दिवशी वर जातो, तंबाखू देतो, शेजारी बसतो. त्याला धीर द्यायला गेली कित्येक वर्षं मी शब्द शोधतोय, आणि मला ते सापडलेले नाहीत. जे झालं ते कसं झालं, हेही मला सांगता येत नाही. वाचकांपैकी कुणाला येत असेल तर मला नको, त्याला येऊन सांगा.

मागच्या खेपेला मी म्हटलं, "सखा, आई गेली असं समज आणि सोड आता."

तो म्हणाला, "गेली नाय रे. ती पोचली असंल तिकडं. तांब्या घेऊन त्या बुरजाखाली हुबी असंल. तिला कोनाची भाषा येत नाय, कोनाला काय इचारनार ती?" मग त्यानं खिंडीच्या वाटेकडे पाहिलं.

"थांब म्हनली होती रे मला. आन् मी ट्राम धरली."