कन्या राशीतला पुसट डाग

बाबा सिरोंच्याच्या शाळेत मास्तर होते. बदली होऊन गेलेल्या जंगल खात्याच्या एका साहेबाने त्यांना आपली पितळी दुर्बीण देऊन टाकली होती. उन्हाळ्याच्या तोंडाशी, जेवणं झाली की बाबा ती अंगणात मांडत आणि कन्या राशीतली एक दीर्घिका शोधत. पुस्तकातल्या फोटोत ती भिंगासारखी होती, मध्ये फुगीर, कडेला निमुळती. भोवती कितीतरी दीर्घिकांचा पुंजका. दुर्बिणीत मात्र राखेचं बोट लागावं तसा नुसता डाग दिसायचा.

“थेट नोको पाहू,” ते मला शिकवत. “नजर जराशी बाजूले ठेव. अंधुक वस्तू डोळ्याच्या कडेनंच दिसते.”

त्या वर्षी त्यांना ती सापडेना. भिंग पुन्हा पुन्हा पुसलं. शेवटी गावातला उजेड नको म्हणून दुर्बीण उचलून आम्ही गोदावरीच्या वाळूत गेलो.

“तू पाह्य बरं.”

मी डोळा लावला. डाग होता.

“दिसून राह्यली, बाबा.”

“मंग मले काऊन दिसत नाई?” मला सारून ते वाकले. कितीतरी वेळ वाकूनच राहिले. “खोटं तं नाई सांगत ना, पोरी?”

असा रडवेला आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. परतताना वाळूवर ओढून ठेवलेल्या डोंग्याला अडखळून ते पडले. एवढी मोठी होडी त्यांना दिसलीच नव्हती.

चांद्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं अक्षर दिसतं म्हणून कळलं नाही, कडेची नजर केव्हाच गेली होती. गेलेली परत येत नाही, उरलेलीही जाईल. बाबांनी त्यांचे हातच धरले. “कापा, काईबी करा, डाक्टरसाहेब. माह्या पोरी लहान हायेत.” डॉक्टर मान खाली घालून थेंबांची बाटली बांधत राहिले.

परतीच्या एसटीत बाबा माझ्या शेजारी खिडकीला तोंड लावून बसले होते. आलापल्लीचं सागवानाचं जंगल सरलं. मग म्हणाले, “मायले सांगू नोको.”

घरी आईने विचारलं, “काय म्हणले डाक्टर?”

“औषध देल्लं. होते बरं,” बाबा म्हणाले.

आई रोज सकाळी देवाचं नाव घेऊन थेंब घालू लागली. दोन पावसाळे गेले. बाबा ताटातला भात चाचपू लागले, शाळेतली नोकरी सुटली, तरी तिने थेंब सोडले नाहीत. बाबा मान मागे टाकून निमूट बसत.

“आता कसं वाटते जी?” ती विचारायची.

“फरक हाय,” बाबा म्हणायचे. मी चुलीकडे तोंड फिरवायची.