माहेरी बसून जायची गाडी

आमची गाडी ढकलावी लागायची, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे माझी कीव करायला कुणाला पुढच्या पानाची वाट बघावी लागणार नाही.

हिंगोलीचा नवा जिल्हा झाला, त्या सुमारास आमच्या ह्यांनी ती घेतली. जिल्ह्याच्या गावी राहायचं तर दारात गाडी पाहिजे, असं ह्यांच्या डोक्यात कुठून तरी शिरलं होतं. हे कचेरीत कारकून. साहेबाकडे सुद्धा स्कूटरच होती. पण नांदेडच्या एका रिटायर माणसाची जुनी मोटार विकायला आहे असं कळलं आणि एका रविवारी हे ती घेऊनच आले. गोल पाठीची, गिअरचा दांडा स्टिअरिंगला चिकटलेला, रंग एकेकाळी दुधासारखा असावा. सासूबाईंनी ओवाळली, चाकावर पाणी घातलं आणि विचारलं, "हिला कुलूप लागतं का?" तर एका दाराला लागत होतं, आणि ते दार उघडत नव्हतं.

गाडी आल्यापासून हे मेकॅनिककडे कधी गेले नाहीत. "त्याला परक्याची गाडी," हे म्हणायचे, "आपल्याला आपली." गाडीचं दुखणं काढायची ह्यांची एक पद्धत होती. आधी बॉनेट उघडून नुसतं बघत राहायचं. मग वास घ्यायचा. मग लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून डोळे मिटायचे. त्यानंतर माझ्या स्वयंपाकघरात यायचं. कारण ह्यांची सगळी औषधं तिथंच होती. पेट्रोलची टाकी ठिबकायला लागली की धुण्याचा साबण ओला करून चोपडायचे. रेडिएटर गळायला लागला की त्यात मूठभर हळद. हळदीला आमच्याकडे तोटा नाही, माझ्या भावाच्या शेतातूनच पोत्यानं यायची. पण एकदा कळमनुरीच्या चढावर पाणी उकळून झाकण उडालं, तेव्हा हे नेमके त्यावर वाकले होते. त्या दिवशी हे कचेरीत गेले ते अगदी नवरदेव होऊन. आठवडाभर तो रंग कानामागून निघाला नाही. सायलेन्सर लोंबला तेव्हा माझ्या परकराची नाडी गेली, आणि प्लग साफ करायला माझा दात घासायचा ब्रश. मी ओरडले तर म्हणाले, "तुझे दात चांगले आहेत, तिचं काय?"

एवढं करूनही ती बंद पडायचीच. मग ढकलणं. त्यात कामाची वाटणी ठरलेली होती. हे स्टिअरिंगवर आणि मी मागं. मी एकदा म्हटलं, आलटून पालटून करू. तर म्हणाले, "क्लच सोडायचा टाइम बराबर साधावा लागतो. तुला न्हाई जमायचं." ढकलायचा टाइम मात्र मला साधायचा.

हिंगोलीत मला त्याचं काही वाटत नव्हतं. आमची गल्ली पहिल्या महिन्यातच सरावली होती. दुखणं माहेरचं होतं. माझं माहेर डोंगरकडा. गाव आलं की आमच्या घराआधी एक वळण आणि वळणावर थोडासा चढ. त्या चढाला आणि गाडीला काय वैर होतं कोण जाणे, पन्नास किलोमीटर नीट आलेली ती तिथं हटकून मान टाकायची. मग मी उतरायची, पदर खोचायची आणि वाणसामानाच्या दुकानासमोरून, पिंपळाच्या पारावरच्या मंडळींसमोरून, गाडीच्या मागून चालत माहेरात शिरायची. मागं खांद्याला पर्स लटकलेली. दारात वहिनी उभी. माझ्या मोठ्या भावाची बायको, जिभेनं तिखट. ती आत सासूला, म्हणजे माझ्या आईला, हाक मारायची, "आत्या, वन्सं आल्या हो. ढकलत आल्या!"

आणि आई बाहेर यायची ती हसतच. तोंडाला पदर लावून, डोळे बारीक करून, आनंदानं. वहिनीचं मी सोडून दिलं असतं. पण सख्ख्या आईला आपल्या लेकीची फजिती बघून एवढं हसू यावं, हे मला फार लागायचं. बरं, त्यानंतर गाडी सुरू व्हायचं नाव घ्यायची नाही. हे दोन-दोन दिवस तिच्याखाली निजायचे आणि मी माहेरच्या ओट्यावर बसून सगळ्या गावाला सांगायची की, न्हाई बाई, अजून न्हाई झाली.

म्हणून त्या वर्षी दसऱ्याआधी मी ह्यांना बजावलं. "आईला सोनं द्यायला जायचंय. मी बसून जाणार आणि बसूनच उतरणार. एकदा जरी ढकलावी लागली, तर गाडी भंगारात. नाहीतर मी भंगारात."

"तुला कोण घेईल," हे म्हणाले. पण चेहरा उतरला होता. गाडीत ह्यांचा जीव होता, आणि मी एकदा बोलले की फिरत नाही, हेही ह्यांना ठाऊक होतं.

ह्यांनी मनावर घेतलं. खंडेनवमीला सकाळीच कार्बोरेटर खोलला. पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला पाजणारी ती मुठीएवढी वस्तू, सगळी खोड तिथंच आहे असं ह्यांचं निदान. एकेक पुर्जा पेट्रोलनं धुतला, फुंकला, उन्हात वाळवला. पितळ अगदी लखलखत होतं. आता जोडायचं, तेवढ्यात सासूबाई आल्या. त्या दिवशी आमच्यात घरातल्या हत्यारांची पूजा असते. विळी, अडकित्ता, कुऱ्हाड, आणि गाडी आल्यापासून पाने-पक्कडही पाटावर मांडलेली होती.

"हे काय, इतकं चकचकीत हाय न् भुईवर काहून ठेवलं?" सासूबाई म्हणाल्या. "पाटावर ठेव. तिचं काळीज हाय म्हणतोस ना? मग काळजाची पूजा न्हाई करायची?"

ह्यांना ते पटलं. खरं तर फार आवडलं. सगळे पुर्जे पाटावर ओळीनं बसले. सासूबाईंनी सढळ हातानं हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, झेंडूची फुलं ठेवली. आरती झाली. हे पाना उचलायला गेले तर सासूबाईंनी हातावर चापट मारली. पूजेत बसलेलं हत्यार उत्तरपूजेशिवाय उचलायचं नाही. उत्तरपूजा दसऱ्याला सकाळी. तोवर पानेही देव आणि कार्बोरेटरही देव. हे दिवसभर देवघराच्या उंबऱ्यावर बसून पाटाकडे बघत राहिले. मला वाटलं, पहिल्यांदाच एवढ्या भक्तीनं देवासमोर बसलेत.

दसऱ्याला उत्तरपूजा होताच ह्यांनी फुलं बाजूला केली, पुर्ज्यांवर दोनदा फुंकर मारली आणि भराभर जोडून टाकलं. चावी फिरवताच गाडी सुरू. सासूबाई मागं बसल्या, मांडीवर आपट्याच्या पानांची पिशवी. मी पुढं. ठेवणीतली पैठणी नेसले होते, मुद्दाम. पैठणी नेसून कुणी गाडी ढकलत नाही.

कळमनुरीपर्यंत झकास. बाळापूरच्या अलीकडं गाडीनं उचकी दिली. मग दुसरी. मग उचक्यांची रांग लागली आणि एका लिंबाखाली ती थांबली. हे माझ्याकडे बघेनात. मी समोर बघत हाताची घडी घातली.

"मी काही म्हणालो का?" हे म्हणाले.

"मीपण न्हाई म्हणाले. पण मी उतरत नसते."

हे उतरले. बॉनेट उघडलं, बघितलं, वास घेतला, स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावला. बंद इंजिनात काय ऐकू येत होतं देव जाणे. प्लग काढून पुसले. पंप तापला असेल म्हणून माझा रुमाल भिजवून त्यावर टाकला. तेवढ्यात एक बैलगाडी आली. तांड्यावरचं कुटुंब सणाचे कपडे घालून निघालं होतं. म्हाताऱ्यानं बैल थांबवले.

"तकलीफ काय हाय?"

"बघून राहिलो," हे म्हणाले.

"लिंबू बांधलं का?"

"बांधलंय. मिरच्यापण हायेत."

म्हाताऱ्यानं वाकून बंपरखाली नीट पाहिलं. "मग मिरच्या कमी पडल्या," तो म्हणाला आणि गेला. बैलगाडीतल्या बायका वळून वळून माझ्या पैठणीकडे बघत होत्या. उन्हात, रस्त्याच्या कडेला, बंद गाडीत ताठ बसलेली बाई त्यांनी कशाला पाहिली असेल. मला रडू यायला लागलं. हट्ट माझाच होता, पण मला खरोखर एकदाच त्या चढावरून बसून जायचं होतं.

शेवटी ह्यांनी कार्बोरेटर परत खोलला. खालच्या वाटीत गुलाबी पेट्रोल. त्यात बोट घालून चाचपलं आणि पेट्रोल जायच्या बारीक भोकातून सुईनं काहीतरी ओढून काढलं. तळहातावर घेऊन हे कितीतरी वेळ बघत उभे होते. मग खिडकीशी आले.

"तांदूळ," हे म्हणाले.

सासूबाई मागून पुढं वाकल्या. "तांदूळ काय म्हणतो? अक्षत हाय ती, पूजेतली. खाली टाकशील, कुणाचा पाय पडंल."

आता ती टाकायची कुठं? हात पेट्रोलचे, खिसा तेलाचा. ह्यांनी शेवटी ती आपल्याच डोक्यावर टाकली, लग्नात टाकतात तशी. मला इतकं हसू फुटलं की पैठणीची घडी मोडली. सासूबाईसुद्धा हसल्या. हे मात्र गंभीर होते. "बघा," हे म्हणाले, "म्हणजे माझ्या जोडणीत चूक नव्हती."

त्यानंतर गाडी अशी पळाली की ह्यांनाच चैन पडेना. आवाज नाही, धक्का नाही. हे सारखे कान देऊन ऐकत होते. डोंगरकडा आलं. दुकान आलं, पार आला, वळण आलं. चढावर मी श्वास धरला. गाडी चढली आणि सरळ आमच्या दारात जाऊन थांबली. पारावरची मंडळी उठून उभी राहिली होती. वहिनी ढकलायला हात लावावा म्हणून पदर खोचूनच रस्त्यावर आली होती. ती तिथंच थबकली.

"अगं बाई, बसून?" एवढंच तिच्या तोंडून निघालं.

मी सावकाश उतरले. पैठणी झटकली. आयुष्यात इतकी सावकाश मी कधी उतरले नसेन.

आई ओट्यावर आली. मी तिच्या हातात आपट्याची पानं ठेवली, पाया पडले. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि गाडीकडे बघितलं. ती हसत नव्हती.

"सुधारली का गं गाडी?"

"एकदम बराबर. आता न्हाई बंद पडत."

"बरं झालं," आई म्हणाली. "म्हंजे दिवस मावळायच्या आत निघता येईल तुमाला." आणि ती आत गेली.

मी वहिनीकडे बघितलं. मला वाटलं होतं आता तरी ती काहीतरी तिखट बोलेल. ती हळूच म्हणाली, "सकाळीच गाद्या उन्हात टाकल्यात त्यांनी. उद्याच्याला तुमच्या आवडीचे वाल भिजू घातले. आधी एस्टीनं येत होता तर जेवायचं ताट खाली न् तुमचं लक्ष घड्याळाकडं. पाचची गाडी, पाचची गाडी. ही मोटार आल्यापासून दोन-दोन दिवस राहून राहिल्या तुमी. ढकलत आल्या म्हटलं की आत्या चुलीवरून उठतात, वन्सं."

मी ओट्यावरच बसले. आत आई भिजलेले वाल निथळत होती, माझ्याबरोबर बांधून द्यायला. एवढी वर्षं ती कशाला हसत होती, ते मला पैठणी नेसून, बसून आल्यावर कळलं.

बाहेर हे पारावरच्या लोकांना अक्षतेची गोष्ट सांगत होते. मी जवळ गेले.

"अहो, मघाशी वळणावर कसला तरी आवाज आला बघा."

हे थांबले. चेहरा एकदम उजळला. "तुलापण आला? कुठून?"

"खालून कुठून तरी. नीट खोलूनच बघावं लागंल."

ऊन उतरेपर्यंत भावाच्या खळ्यातल्या ताडपत्रीवर निम्मी गाडी मांडलेली होती आणि हे तिच्याखाली सुखानं झोपले होते. मी आत जाऊन आईला सांगितलं, "न्हाई बाई, काही खरं न्हाई तिचं." आईनं तोंडाला पदर लावला आणि वाल परत पाण्यात टाकले.

तिसऱ्या दिवशी निघालो, तेव्हा गाडी सुरू होईना. हे आपसूक स्टिअरिंगवर बसले, सासूबाई मागच्या सीटवर. कुणी सांगायच्या आत मी पदर खोचून मागं गेले. एका बाजूला वहिनी लागली. दुसऱ्या बाजूला आई आली. तिला म्हटलं, तू नको, तर ऐकेना. तिनंही गाडीच्या पाठीवर हात ठेवले. उतार असूनही गाडी जड जात होती. वळणापाशी मी बाजूला बघितलं, तर आईनं दोन्ही हातांनी बंपर घट्ट धरला होता आणि ती मागं ओढत होती.