मांगचे जेवले का?

आमच्या मोठेबाबांना बसलेलं पाहिल्याचं मला आठवत नाही. माझ्या वडिलांचे हे थोरले भाऊ. अकोटला केळीची बाग, अंगाने काटक, आणि पायाला कायम भिंगरी. अमरावतीला आमच्याकडे यायचे तेही एसटीत जागा रिकामी असताना दारापाशी उभे राहून. राजापेठेतल्या आमच्या घरात शिरले की आपण "बसा" म्हणेपर्यंत ते गच्चीवर पाण्याची टाकी बघायला गेलेले असत. "बसाले काय, मेल्यावर निजाचंच हाये," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. त्यांची बायको, आमची मोठी आई, कपाळाला हात लावायची. "यायच्या खालती काटे हायेत बाप्पा. लग्नात पाटावरूनबी दोन डाव उठले होते."

घरात कार्य असलं की मात्र त्यांना उधाण यायचं. आमच्या घराण्यातली एकही पंगत त्यांनी वाढल्याशिवाय उठली नसेल. आलू-वांग्याच्या भाजीची बादली घेऊन ते असे धावत, की नवीन पाहुण्याला वाटावं, कुठेतरी आग लागली आहे. बुंदी नको म्हणून पानावर आडवा हात धरलेल्याच्या बोटांवरच बुंदी पडायची. पण दर दोन पंगतींच्या मधे ते एकच प्रश्न विचारत. आचाऱ्याला, मंडपवाल्याला, प्रत्यक्ष नवरदेवाच्या बापालाही. "मांगचे जेवले का?"

मांगचे म्हणजे मंडपाच्या मागे भांडी घासायला बसलेल्या बाया. त्या जेवल्या की नाही हे कुणालाच ठाऊक नसे. मग मोठेबाबा स्वतः एक भरलं ताट घेऊन मागे जात ते बराच वेळ गडप. भांडी मोजून घेत असतील, असं आम्ही समजायचो. शेवटच्या पंगतीला आग्रह केला तर म्हणायचे, "झालं माहं." आम्हाला ते खोटं वाटायचं. कुठे झालं आणि कधी झालं? कुणी पाहिलं होतं?

हॉटेलात त्यांच्यासोबत जाणं म्हणजे शिक्षाच. त्यांचा मुलगा प्रशांत पुण्यात नोकरीला. तो बडीशेपेच्या ताटलीत वेटरसाठी नोट ठेवायचा आणि मोठेबाबा ती उचलायचे. "द्याचं असन तं हातात दे ना. ताटलीत टाकाले थो का देव हाये?" मग वेटरला गाठून त्याच्या हातात नोट ठेवणार, त्याचं गाव विचारणार आणि तिथून थेट भटारखान्यात. शेवभाजी कुणी केली, भांडे कोण घासते, सगळी चौकशी. मालक घाबरायचा, सरकारी तपासणी आली म्हणून. आम्ही बाहेर रस्त्यावर ओळख नसल्यासारखे उभे.

अशा माणसाला प्रशांतने जहाजावर न्यायचं ठरवलं. आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून मुंबईहून निघणारी समुद्राची सहल, आणि मोठ्या आईला सोबत म्हणून मी. मी तेव्हाच म्हटलं होतं, की ज्याला एसटीत बसवत नाही त्याला जहाजात कोंडू नका. कोण ऐकतो! पहिल्याच दुपारी मोठेबाबांनी जहाजाला इतके फेरे मारले की पहारेकरी त्यांना सलाम करायला लागला. "पुरं गाव हाये, पन याले मांगचं दारच नाई," ते अस्वस्थ होऊन म्हणाले.

आमच्या टेबलावर वाढायला नेल्सन नावाचा गोव्याचा मुलगा होता. हसरा, चटपटीत. त्याला किती द्यायचे, असं मोठेबाबांनी विचारल्यावर प्रशांत म्हणाला, "काही द्यायचं नाही बाबा. टीप रोजच्या रोज आपल्या बिलात आपोआप लागते."

"म्हंजे? आपुन बोललोच नाई, अन् आपलं 'लय चांगलं केलं गा' हे कापून घेतलं?"

ते तडक काउंटरवर गेले आणि ती रक्कम बिलातून काढायला लावली. तशी काढता येते. मग नेल्सनच्या हातात स्वतः पैसे ठेवले आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. मोठं समाधान झालं त्यांना. पण नेल्सनचा चेहरा काही फुलला नाही. तो हळूच म्हणाला, "बाबूजी, ये तो सिर्फ मुझे मिला. बिलवाला सब में बँटता है. नीचे लाँड्री में, बर्तन धोनेवालों में. वो लोग तो आपको दिखते ही नहीं."

जन्मभर मागच्यांची काळजी वाहिलेल्या माणसाने नेमका मागच्यांचाच वाटा काढून घेतला होता. "चाल व बाई, चाल लवकर," म्हणत त्यांनी मला ओढतच काउंटरवर नेलं. रक्कम पुन्हा लावून झाली. नेल्सनला दिलेलं त्याच्याकडेच राहिलं. वास्तविक विषय संपला होता.

त्यांच्यासाठी तो तिथून सुरू झाला. पैसे पोचतील, पण ती माणसं जेवली का? टेबलावर यायचे, दोन घास चिवडायचे आणि उठायचे. खाली जाणारं एक दार त्यांनी हुडकलं. आत फक्त कर्मचाऱ्यांना प्रवेश होता. पहारेकऱ्याने त्यांना परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी जिलेबी घेऊन गेले, तरी पाठवलंच. माणूस साखरेच्या आजाराचा, गोळी घेतलेली आणि पोटात अन्न नाही. हात थरथरायला लागले तसा मोठ्या आईचा धीर सुटला. "पोरानं हौसेनं आनलं अन् तुमी उपासी मरून राहिले! काहून असं करता?" ती चक्क रडली. मला तर त्यांचा रागच आला होता. यांना झालंय तरी काय, हेच कळत नव्हतं.

शेवटच्या जेवणाला वाजतगाजत सगळे आचारी आणि वेटर बाहेर आले. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मोठेबाबा टाचा उंचावून एकेक चेहरा निरखत होते.

"भांडेवाले कौनसे?" त्यांनी नेल्सनला विचारलं.

"वो नहीं आते बाबूजी. प्लेटें तो आती ही रहती हैं ना."

मोठेबाबांनी समोरच्या ताटाकडे पाहिलं. मग उभ्याउभ्याच खाली बघून जेवायला लागले. सगळं संपवलं, पावाच्या तुकड्याने ताट लख्ख पुसून तो तुकडाही खाल्ला आणि आमच्यावर नजर फिरवली. "पुसा. इथून खाली भांडेवाल्यापाशी जाते थे हे ताटच एक जाते." आम्ही मुकाट्याने पुसली. प्रशांतने कापडी रुमाल उचलला तशी मोठी आई खेकसली, "रुमाल नोको भरवू रे, धोबीबी खालीच हाये!" मोठेबाबा त्या सहलीत पहिल्यांदा हसले.

या दिवाळीनंतर ते गेले. बागेत, चालता चालता. निजायचंही त्यांनी उभ्यानेच उरकलं.

अकोटला तेरवी होती. पंगतीवर पंगती उठत होत्या. मी भाजी बघ, पाणी बघ करत मंडपात भिरभिरत होते. काहीतरी राहून गेल्यासारखं सारखं वाटत होतं, आणि एकदम लक्षात आलं. तो प्रश्न आज कुणी विचारलाच नव्हता. मी ताट वाढून घेतलं आणि मागे गेले.

चारपाच बाया भांड्यांच्या ढिगात बसल्या होत्या. ताट ठेवलं, पर्समधून नोटा काढल्या आणि त्यांच्यातल्या थोरल्या बाईच्या हातात दिल्या. नीट हातात, ताटलीत नाही. निघाले तर तिने हाक मारली.

"पैसे मंडपवाला देते बाई. थे ठेव तुह्याजवळ. तू बस."

"मला आत बघायचंय..."

"मोठेभाऊबी तसेच यायचे, धावत. मंग बसायचे. याच ताटातला पयला घास थे घ्याचे, मंग आमी. त्यायचं जेवन तं इथंच होये." तिने भाजीचं मोठं पातेलं, आमच्याकडचा गंज, धुऊन पालथा घातला आणि माझ्याकडे सरकवला. "सकाळपासून कोनी आलं नाई. आमी जेवलो नाई अजून."

मंडपातून मला कुणीतरी हाका मारत होतं. गंज ओला होता. मी बसले.