हॉलंडचा अर्धा फोटो

आमच्या गावात फुटबॉल आणला तो कामठीकडून बदलून आलेल्या एका मास्तरांनी. चिचगडच्या अलीकडचं आमचं गाव, मैदान नव्हतं. धान कापून झाला की मोकळ्या बांधीत बांबू रोवायचे, खुंटांनी पाय सोलून घ्यायचे आणि खेळायचं. मास्तरांकडे एका ट्रंकेत इंग्रजी खेळाच्या मासिकांची पानं होती. त्यांत जगातले मोठमोठे खेळाडू होते. आम्हाला इंग्रजी वाचता येत नव्हतं, टीव्ही गावात एकच, आणि त्यावर चित्रापेक्षा मुंग्या जास्त. म्हणून हे थोर लोक आम्ही फक्त थांबलेले पाहिले. कोणी एका पायावर उभा, कोणी हवेत आडवा. नावं जिभेवर बसत नव्हती, म्हणून देशाच्या नावानंच हाक मारायची. ब्राझील, जर्मनी, इटली.

शनिवारी जो चांगला खेळेल त्याला मास्तर एक पान बक्षीस देत. एका शनिवारी एकच पान उरलं आणि मागणारे दोघे, मी आणि माझा मित्र. आम्ही शेजारी, एकाच वर्गातले, एकाच सायकलवर शाळेत जाणारे. फोटो हॉलंडच्या एका उंच खेळाडूचा होता. तो वर उसळलेला, हात फाकलेले, तोंड आभाळाकडे उघडं. खाली दुसऱ्या देशाचा एक गडी जमिनीवर लांब घसरत आलेला. आमची ओढाताण सुरू झाली तसे मास्तर ओरडले, "अरे फाड़ो मत, ब्लेड से काटो!" आणि त्यांनी स्वतःच पान मधोमध आडवं कापलं. वरचा हॉलंड मित्राला मिळाला. खालचा घसरणारा माणूस आणि हॉलंडचे दोन पाय मला. बॉल दोघांच्याही तुकड्यात नव्हता. तेव्हा हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

त्या दिवसापासून तो हॉलंड झाला. गोल केला की तो तस्साच हात फाकून तोंड वासून आभाळाकडे बघायचा. आनंद असाच करतात, असं आम्हाला वाटे. गावातली शेंबडी पोरंसुद्धा आंघोळ झाली की तसं तोंड करून उघडीनागडी पळत. मी माझा तुकडा पाहून घसरायला शिकलो. शिकलो म्हणजे काय, फोटोत जेवढं दिसत होतं तेवढं शिकलो.

तो खेळायचा मात्र खरंच सुंदर. हे मी आज म्हणतो. तेव्हा म्हणालो असतो तर बरं झालं असतं.

विशीत आम्ही दोघांनी पोलीस भरतीचे फॉर्म भरले. तेव्हा आमचा जिल्हा भंडाराच होता, धावायला तिकडे जायचं होतं. तो रोज पहाटे चिचगडच्या रस्त्यावर धावायचा आणि मी धापा टाकत त्याच्या मागे. त्याचं काम होणार हे गाव धरून चाललं होतं. माझं कोणी धरलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

दिवाळीनंतर गावच्या मंडईला, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेला, सामना ठेवला. मास्तर तोवर बदलून गेले होते. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बायामाणसं, पाहुणे, फुगेवाले, सगळे जमलेले. आम्ही दोघे समोरासमोरच्या टीममध्ये होतो. त्यानं माझ्या दोन पायांच्या मधून बॉल काढला. लोक हसले. थोड्या वेळानं पुन्हा काढला. या वेळी धुरा अख्खा हसला, आणि कोणीतरी म्हणालं, "दरवाजा लाव गा!" माझ्या कानशिलात आग झाली. पुढच्या वेळी तो बॉल घेऊन निघाला, त्यानं तो बाजूला ढकललाही, बॉल गेला. आणि मी मागून घसरलो, थेट पायावर.

वाळली तुराटी मोडावी तसा आवाज आला. तो वर उसळला, हात फाकले, तोंड उघडलं. धुऱ्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हॉलंडनं गोल केला.

मी सगळ्यांना सांगितलं, "मी बॉलवर गेलो होतो." त्याच्या बापाला सांगितलं, आईला सांगितलं. त्याच्या आईनं मलाच जवळ घेतलं. "खेळात होते बापा, तू कायले रडतं?" म्हणाली आणि चहा दिला. तो मी प्यालो. त्या चहाची लाज मला अजून वाटते. दवाखान्यात न्यायचं कोणाला सुचलं नाही. पलीकडच्या गावातल्या हाडवैद्यानं पाला बांधून बांबूच्या कामट्या आवळल्या. तीन महिन्यांनी कामट्या सुटल्या तेव्हा पाय वाकडा आणि दोन बोटं आखूड होता. मधल्या काळात भरती झाली. मी धावलो आणि लागलो. जाण्याआधी माझा तुकडा मी चुलीत घातला.

भरतीसाठी पाय मोडला असं कोणी म्हणालं नाही. तसं होतंही नाही. भरती तेव्हा डोक्यातच नव्हती, नुसता राग होता. पण एवढंसुद्धा मी कोणाला सांगितलं नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात, ती खवखव मी वर्दीच्या आत तीस वर्षं घेऊन फिरलो.

त्यानं चिचगडच्याच रस्त्यावर पंक्चरचं दुकान टाकलं. देवरीला बदली झाल्यापासून मी दर रविवारी दुपारी तिथे जायचो, मोटारसायकलमध्ये हवा भरण्याच्या निमित्तानं. तो चाक अंगठ्यानं दाबून बघायचा, हवा भरायचा, पैसे घ्यायचा नाही. त्या दिवसाविषयी अक्षर नाही. मला वाटे, विसरला. निदान तसं वाटून घेणं सोयीचं होतं.

मोबाईल आल्यावर तो दुकानात बसून जुने सामने बघू लागला. पहिल्यांदा ब्राझीलवाला पाहिला तेव्हा म्हणाला, "हा तं पळते बे!" जन्मभर एका पायावर उभा असलेला माणूस आम्ही पाय खाली टेकवताना पाहिला. आम्ही दोघं खूप हसलो. तेवढंच काय ते हसलो.

गेल्या उन्हाळ्यातल्या एका रविवारी त्यानं हाक मारली, "इकडं ये. पाह्य."

हॉलंडचाच सामना होता. तो उंच गडी बॉल घेऊन वळला, बॉल पुढे गेला, आणि मागून एक जण घसरत आला. हॉलंड वर उसळला. हात फाकले, तोंड उघडलं. मित्रानं तिथेच बोट दाबून चित्र थांबवलं. मग ठिगळांच्या पत्र्याच्या डब्याचं झाकण उघडून माझ्यापुढे धरलं. आत त्याचा तुकडा चिकटवलेला होता, पिवळा पडलेला. तेच तोंड.

"एवढी वर्सं मी याले हासून रायला समजलो," तो म्हणाला. "हा तं बोंबलून रायला होता."

त्यानं सामना पुढे सोडला. हॉलंड लोळला, डॉक्टर पळत आले, कसला तरी फवारा मारला. दोन मिनिटांत तो उभा राहिला आणि धावू लागला.

"उठला," मित्र म्हणाला. "हा तं उठला."

मला पुढे बघवेना. मी म्हणालो, "मी बॉलवर गेलो नव्हतो. बॉल निघून गेला होता. तुझ्या पायावरच गेलो. लोक हासले म्हनून."

त्यानं हातातली ट्यूब पाण्याच्या घमेल्यात दाबली, बुडबुडे कुठून येतात ते पाहिलं, तिथे खूण केली.

"मले माहीत आहे. पडल्या पडल्या पाह्यलं मी. बॉल धुऱ्यापाशी होता."

"मंग बोलला काऊन नाई?"

"तू सांगशील म्हनून. दर इतवारी वाट पाहून रायलो होतो." ट्यूब पुसून त्यानं बाजूला ठेवली. "आता सांगतलं ना?"

"हो."

"मंग आता येत नको जाऊ."

मला वाटलं, तो हसेल. तो उठला, आखूड पाय ओढत माझ्या गाडीपाशी गेला, मागच्या चाकात हवा भरली, अंगठ्यानं दाबून पाहिली आणि पुन्हा मोबाईलसमोर जाऊन बसला. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही.

आता मी हवा देवरीतच भरतो.