भावाची सागवानी फरशी

माझ्या भावाला मोठेपणाचा आजार लहानपणापासूनच आहे. चंद्रपुरात घर बांधल्यावर तो बळावला. वाघांच्या जंगलालगत मोहर्लीच्या कुठल्याशा रिसॉर्टात एक रात्र काढून आला आणि तिथली लाकडी फरशी त्याच्या डोक्यात बसली. वाघ दिसला नाही याचं काही नव्हतं. घरी येऊन त्यानं हॉलमधल्या चांगल्या टाइल्सवर सागाच्या पट्ट्या ठोकून घेतल्या. ज्या शहरात खिडकी उघडी राहिली तर संध्याकाळपर्यंत कोळशाची काळी धूळ बोटाला लागते, तिथं हा पठ्ठ्या सागवान अंथरून बसला. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते यालाच.

वडील गेल्यावर आई त्याच्याकडे राहायला गेली होती. मुलगा असताना मुलीच्या घरी राहणं तिला लाजिरवाणं वाटायचं. मी कितीदा बोलावलं, तर म्हणायची, "लोक काय म्हनतीन माह्या पोराले?" जन्मभर धानाच्या बांधीत चिखल तुडवलेली बाई ती, टाचांना भेगा असायच्याच. भावाला फरशीवर ओरखडे दिसले आणि त्यानं निदान केलं की हे आईच्या टाचांनी पडले. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला फरशी नीट दिसावी म्हणून तो स्वतः तो बोजड सोफा सरकवायचा, ते मात्र त्याच्या ध्यानात आलं नाही.

दिवाळी उरकली आणि त्यानं फरशी नवी करायला काढली. आईला आठ दिवसांसाठी आरमोरीला माझ्याकडे आणून सोडलं. "पालीशच्या वासानं तिले तरास होईल," असं मला म्हणाला. आई खूश झाली. पोराला आपली काळजी आहे, हे तिनं शेजारच्या बाईला त्याच दिवशी सांगून टाकलं.

पुढचं सगळं मला वहिनीकडून फोनवर कळत गेलं. आधी त्यानं बादलीभर साबणाचं पाणी ओतून फरशी धुतली. लाकूड धुतलं की फुगतं, पट्ट्या कडेनं उचलल्या. मग काचपेपरनं घासली, अर्धी घासून कंबर धरली म्हणून अर्धी तशीच ठेवली. वहिनीनं पॉलिशवाल्याला बोलवा म्हटलं तर म्हणाला, "त्याइले काय कळते?" त्याला मात्र सगळं कळत होतं. त्याला आठवलं की आमचे वडील बैलबंडीच्या आसाला मोहाच्या बियांचं, म्हणजे टोळीचं तेल घालायचे आणि ती बंडी कितीतरी वर्षं टिकली. झालं! गावाहून डबाभर टोळीचं तेल मागवलं, गरम केलं आणि साऱ्या हॉलभर फासलं.

अहो, आसाला तेल घालतात ते चाक बिनबोभाट फिरावं म्हणून. टोळीचं तेल वाळत नाही आणि थंडीत थिजतं, हे आमच्या झाडीपट्टीतलं शेंबडं पोरही सांगेल. सकाळी फरशीवर पांढरा थर दिसला तेव्हा शहाण्याला वाटलं, कोट छान बसला. त्यानं फोटो काढून मला पाठवला. दुपारी ऊन चढलं, थर विरघळला आणि वहिनी चहाच्या ट्रेसकट सोफ्याखाली गेली. मी तो फोटो दाखवून हे सगळं आईला सांगितलं तेव्हा ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "पन मंग मले कधी नेईल तो?"

ती रोज विचारायची. आठ दिवस म्हणता म्हणता पौष महिना आला. दारात कोणी भेटलं की ती आपणहून खुलासा करायची, "पोराच्या घरी काम चालू हाये न, म्हनून थांबली." मला त्या भावाचा असा काही संताप यायचा! कारण फोन केला की तो फरशीबद्दलच बोलायचा. आई जेवते का, झोपते का, एका शब्दानं नाही.

शेवटी झक मारत पॉलिशवाला आणला. त्यानं मशीननं सगळं तेलकट लाकूड खरवडून काढलं आणि वरून चकचकीत पॉलिशचे हात मारले. भावाचा निरोप आला, "आता आन आईले." आईनं त्या दिवशी डोक्याला तेल लावून चापूनचोपून वेणी घातली, नवं लुगडं नेसली.

चंद्रपूरला पोचलो, दार उघडलं. फरशी खरंच आरशासारखी झाली होती, खोटं कशाला बोलू. आई पाऊल टाकणार तोच भाऊ आडवा आला. हातात लोकरीचे मोजे.

"आई, हे घाल आधी. आन हॉलमधून येजो नोको, मांगच्या दारानं ये. तुही खाट मी मांगच्या खोलीत टाकली. तिथी टाइल हाये, काई टेन्शन नाई."

मागची खोली म्हणजे गॅसची टाकी, रद्दी आणि कूलर ठेवायची जागा. माझ्या तोंडाशी शिवी आली होती. पण आई शांतपणे उंबऱ्याबाहेर उभी राहिली. मोजे तिनं हातात घेतले, उलटेसुलटे करून पाहिले आणि त्याला परत दिले.

"राहू दे रे बाबा. तुही फरशी खराब होईल," ती म्हणाली. रागानं नाही, अगदी समजुतीनं. मग माझ्याकडे वळली, "चाल व माय, दुपारची बस भेटते का पाहू."

भावानं एकदाही थांब म्हटलं नाही. तो उंबऱ्यावर वाकून बघत होता, तिचं पाऊल कुठं उमटलं का.

आरमोरीला उतरलो तर शेजारची बाई अंगणातच होती. "काऊन व बाई, आजच गेली अन् आजच वापस?"

आई हसली. "पोरगा सोडेच ना व," ती म्हणाली. "मीच हट्ट करून आली."