जळकोटच्या आक्कांचा पहारा

दवाखान्यात आमच्या मालकांनी भिंतीकडं तोंड केलं, त्या दिवशी माझा देवावरचा उरलासुरला विश्वासही उडाला. घशाचा आजार होता. ऑपरेशन झालं, गळ्याला भोक पाडून नळी बसवली, आवाज गेला. ते दुःख मी कसंबसं गिळलं, कारण आमच्या घरात बोलायचं काम पहिल्यापासून माझ्याकडंच होतं. ते शिलाई मशीनवर मान खाली घालून बसायचे आणि मी बडबडायची. पण आजार पुन्हा उलटला. नांदेडच्या डॉक्टरांनी, आता फक्त दुखणं कमी ठेवायचं, असं सांगितलं आणि तेव्हापासून त्यांनी माणसाकडं बघणंच सोडलं. हदगावला दिलेली आमची लेक येऊन उशाशी बसली होती, तिच्याकडंही बघेनात. मी पलंगाला वळसा घालून भिंतीच्या फटीत उभी राहिले, तर त्यांनी डोळे मिटून घेतले. ते बरे व्हावेत असं मागायची हिंमत माझ्यात उरली नव्हती. एकदा माझ्याकडं बघावं, एवढंच मागत होते. तेवढंही मिळेना, तेव्हा लातूरला परतल्यावर घरातल्या देव्हाऱ्यावर मी कपडा टाकला आणि दिवा लावायचं बंद केलं.

लातुरात माझी मेस आहे, क्लासला आलेल्या मुलांना जेवण देते. ती शेजारणीच्या हवाली केली. राहिल्या सासूबाई. त्यांना घरात एकटं ठेवायची सोय नव्हती, म्हणून जळकोटला नणंदेकडं पोचवलं. निघताना म्हातारीनं विचारलं, "माझ्या लेकराला कवा आणतीस घरी?" मी काहीतरी खोटं सांगितलं आणि कंधारवरून नांदेडला जाणारी एसटी धरली. खिडकीशी बसून मनात एकच धोशा, गाडी लवकर पोचू दे. पोचून काय करणार होते, हे मात्र मला माहीत नव्हतं. त्यांच्याशी बोलण्यासारखं माझ्याकडं काही शिल्लकच नव्हतं. औषधं, डॉक्टर, घरची खुशाली, सगळं त्यांच्या पाठीला सांगून झालं होतं.

कंधार अजून बरंच लांब असताना गाडीनं आचके दिले आणि ती एका गावाजवळ बंदच पडली. गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. कंडक्टर म्हणाला, दुसरी गाडी मागवलीय, येईल तवा येईल. सगळ्यांबरोबर मीही चिडचिड करत उतरले, आणि उतरल्या उतरल्या त्या जागेनं मला धरलं. काय होतं तिथं? तसं काहीच नव्हतं. माळाच्या उतारावर सीताफळीची झाडं, खाली बांध घातलेला लहानसा तलाव, पलीकडं शेंगांनी लगडलेली तूर आणि हिरवागार हरभरा. मार्गशीर्षातलं उबदार ऊन सगळ्यावर पसरलेलं. तलावाच्या काठावर एक बाई म्हशीला घासत होती आणि म्हैस डोळे मिटून उभी होती. माझ्या आत काहीतरी सैल झालं. इथं एक खोली बांधावी आणि राहावं, असं चक्क मनात आलं. लगेच स्वतःची शिसारी आली. नवरा मरणाच्या दारात आणि ही बया तलाव बघते! मी तोंड फिरवलं, पण नजर पुन्हा तिकडंच जाई. आयुष्यात कुठल्या जागेवर असा जीव जडला नव्हता, आणि जडला तोही अशा भलत्या वेळी.

तहान लागली म्हणून मारुतीच्या देवळाकडं चढले. देवळापुढं मांडव होता, सप्ताह चालू होता. आमच्याकडं सप्ताहात वीणा सात दिवस जमिनीला टेकवत नाहीत. पहारेकरी बदलत राहतात, पण वीणा एकाच्या गळ्यातून निघते ती थेट दुसऱ्याच्या गळ्यात जाते. दुपारचा पहारा बायकांचा होता. वीणा घेतलेली गावातली एक तरुण सून अगदी थकलेली दिसत होती. तिच्याजवळची एक बाई मला बघताच पुढं आली.

"जळकोटहून आलाव का?"

"हाव," मी म्हटलं. खोटं कुठं होतं?

"किती उशीर माय! या, या. लेकरू रडून राहिलंय हिचं घरी." असं म्हणत तिनं माझ्या पायावर तांब्याभर पाणी ओतलं, कपाळाला बुक्का लावला. ती सून माझ्या पाया पडली आणि मी "अहो, मला फक्त प्यायला पाणी" एवढं म्हणेपर्यंत वीणा माझ्या गळ्यात आली होती. सून तर लगबगीनं चालूही लागली.

जळकोटच्या कुणी आक्का त्या पहाऱ्याला येणार होत्या, हे मला मागून कळलं. त्यांना गावात कुणी पाहिलेलं नव्हतं. एसटीतून उतरलेली, वयानं बरोबर, खांद्याला पिशवी अडकवलेली बाई दिसली, आणि मी आक्का झाले. दुसरा एखादा असता तर त्यानं वीणा काढून ठेवली असती. पण ठेवणार कुठं? खाली ठेवायची नसते हे मला लहानपणापासून ठाऊक. देवावर कितीही राग असला तरी तेवढं माझ्या हातून झालं नसतं. मांडवातल्या बायका जेवणाच्या तयारीला गेल्या होत्या. घराघरातून आलेल्या भाकरीची चवड त्या लावत होत्या. माझ्याजवळ टाळ घेतलेले एक म्हातारे बाबा तेवढे होते. मी तार छेडायला लागले. तोंडानं "राम कृष्ण हरी" म्हणत होते आणि आतून त्याच रामकृष्णाला शिव्या घालत होते.

तेवढ्यात खाली रस्त्यावर दुसरी एसटी आली. मला ओट्यावरून स्वच्छ दिसत होतं. लोक चढत होते. मी बाबांना म्हटलं, "बाबा, धरा हो ही, माझी गाडी आली. माझे मालक नांदेडला दवाखान्यात हायत, लई वाईट अवस्था हाय." बाबांनी आपले हात पुढं केले. दोन्ही हात थरथरत होते, टाळसुद्धा मनगटाला बांधलेले होते. "माझ्यानं उचलत न्हाई बाई. थांब, बायकांना हाक मारतो." त्यांनी हाक मारली, पण मांडवामागं भांड्यांचा दणदणाट होता. कुणी यायच्या आधी गाडी हलली. माझी पिशवी खांद्याला होती, तेवढंच नशीब. मी तिथं उभी राहून रडले. मोठ्यानं रडले. तार मात्र छेडत राहिले, हात का थांबला नाही कोण जाणे. बाबांनी माझी समजूत घातली नाही. ते टाळ वाजवत शेजारी उभे राहिले, आणि मी जसजशी हुंदके देत अडखळायची तसतसे ते एकटेच मोठ्यानं नाम पुढं न्यायचे. रडून रडून माझ्यातलं सगळं संपलं. पुढं तलाव होता, तूर होती, ऊन उतरत होतं. आता गाडी गेली, माझ्या हातात काही नाही, हे एकदा कळल्यावर मी नुसती बघत राहिले. त्या वेळी मी कुणालाच काही मागितलं नाही.

खऱ्या आक्का कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून आल्या, चाकातली हवा गेल्यामुळं उशीर झालेला. झाला प्रकार कळल्यावर मांडवात एकच हलकल्लोळ माजला. मघाच्या बाईनं तोंडात मारून घेतलं, "अगं माय, कुणाच्या गळ्यात घातली म्या!" आक्का हसल्या नाहीत. माझ्या पायावर डोकं ठेवून त्यांनी वीणा गळ्यात घेतली आणि हळूच म्हणाल्या, "तुमच्या मालकाचं नाव सांगा. आजचा पहारा त्यांच्या नावाचा." मी नाव सांगितलं. बायकांनी भाकरी-भाजी बांधून दिली आणि भाजीपाला घेऊन नांदेडला निघालेल्या गावातल्या टेम्पोत मला बसवलं.

दवाखान्यात पोचले तेव्हा ते तसेच होते, भिंतीकडं. लेकीनं नुसती मान हलवली. मी स्टूल ओढून बसले. काय बोलावं कळेना, म्हणून चिडून सुरू केलं, "अहो, आज माझी काय फजिती झाली ठाऊक हाय का? गाडी डोळ्यादेखत गेली आणि मी उभी, गळ्यात वीणा!" पाय कसे धुतले, बुक्का कसा फासला, सून कशी पळाली, सगळं रागारागात सांगत गेले. मध्येच त्यांचा खांदा हलताना दिसला. मला वाटलं, ठसका आला. लेक घाबरून उठली. पण त्यांनी कूस बदलली. हळूहळू, नळी सांभाळत, तोंड माझ्याकडं केलं. ते हसत होते. आवाज नव्हता, पण डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. मग हातानं खूण केली, पुढं?

पुढं मी तलाव सांगितला. म्हैस सांगितली, हरभरा सांगितला. लग्नापासून आम्ही दोघं कुठंच गेलो नव्हतो. मशीन आणि चूल, यातच सगळं गेलं. आता ते रोज हवेत बोटानं तार छेडायचे, म्हणजे मी ते गाव सांगायचं. मी एक गोष्टही वाढवून सांगितली नाही, तशी गरजच पडली नाही. एकदा चुकून म्हणून गेले, बरे झालात की दोघं जाऊ. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग बोट माझ्याकडं केलं आणि खिडकीबाहेर दाखवलं. तू जा. त्या दिवशी मी संडासात जाऊन पदर तोंडात कोंबून रडले, आणि परत येऊन पुन्हा सांगायला बसले.

ते वाचले नाहीत. त्यांचे हाल कमी झाले असंही नाही, शेवटचे दिवस फार वाईट गेले. देवानं असं का केलं, याचं उत्तर मला आजही मिळालेलं नाही आणि कुणी समजावायला आलं तर मी ऐकून घेत नाही. एवढं मात्र जाणते, की त्या दुपारी मी जीव तोडून मागत होते ते गाडी मिळावी म्हणून, आणि ती मिळाली असती तर मी रिकाम्या हातांनी त्यांच्या पाठीमागं येऊन बसले असते. आपल्याला काय मागावं तेही कळत नाही. म्हणून हल्ली मी दिवा लावते, नमस्कार करते आणि गप्प बसते.

गेले तेव्हा सकाळ होती. मी त्यांना तलावाच्या बांधावरून देवळाकडं नेत होते. मी सांगतच होते, लेकीनं माझा हात धरला, तेव्हा कळलं. डोळे उघडेच होते आणि तोंड माझ्याकडं होतं.